मोहाखालचे लाल डाग

आमच्या गावाचं जंगल कमी झालं, ही बातमी मला माझ्या धाकट्या दिरानं दिली. मी तेव्हा त्याच जंगलातून सरपणाचा भारा घेऊन अंगणात आले होते. भारा टाकला आणि विचारलं, "कोन म्हंते?"

"वरून दिसलं, वहिनी."

"वरून मंजे कुठून? झाडावर चढला होता का कोनी?"

"उपग्रहातून. आभाळातून फोटो काढते तो."

मी चौथी शिकलेली बाई आहे, पण उपग्रह मला माहीत आहे. घरावरची टीव्हीची छत्री त्याच्याकडेच तोंड करून बसलेली असते. त्याला आमच्या जंगलात काय पाहायचं होतं, तेवढं मला माहीत नव्हतं.

दीर आमच्या गावच्या जंगल समितीचा अध्यक्ष आहे. गावाला जंगलावर हक्क मिळाला तेव्हा समिती झाली, आणि ज्याच्याकडे मोटारसायकल होती तो अध्यक्ष झाला. याच्या पलीकडे त्याची लायकी कुणी तपासली नाही. तेव्हापासून तो घरातसुद्धा खुर्चीवर बसतो आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "मुद्दा असा आहे" म्हणतो. त्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. त्यात आमच्या गावाचा नकाशा होता. तलाव निळा, धानाच्या बांध्या पिवळ्या, जंगल हिरवं. आणि गावामागच्या उतारावर गोवर उठल्यासारखे लाल डाग.

"मुद्दा असा आहे," तो म्हणाला, "का जेथी लाल आहे तेथी पहिले जंगल होतं, आता नाई. जिल्ह्यावरून माणूस येऊन राह्यला तपासाले. खरं निघालं तं तो उतार बंद. कोनीच जायचं नाई. किती वर्सं, ते काई सांगितलं नाई."

तो उतार म्हणजे आमचा मोह. गावातल्या प्रत्येक घराची तिथं ठरलेली झाडं आहेत. कागदावर झाडं कुणाच्याच नावाची नाहीत, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी वेचत नाही. माझ्या झाडांखाली माझ्या सासूनं वेचलं, तिच्या सासूनं वेचलं. शहरातल्या माणसाला मोह म्हटलं की दारू आठवते. दारू होतेच, नाही कशाला म्हणू. पण ज्या महिन्यात बांधीत काम नसतं, त्या महिन्यात बाईच्या हातात स्वतःचं असं जे काही येतं ते या फुलांतूनच येतं. पुरुषांच्या हातातून ते जात नाही, म्हणून पुरुषांना त्याची किंमत नाही. उतार बंद झाला असता तर पोट आमचं बंद झालं असतं.

नकाशातले डाग पाहून गावातल्या सगळ्या बायांना एका नजरेत कळलं की ते कशाचे आहेत. फाल्गुनात मोहाखाली पाल्याचा थर साचतो. फूल त्यात पडलं की गेलं. म्हणून फुलं पडायला लागायच्या आधी आम्ही प्रत्येक झाडाखालचा पाला जाळतो. जमीन काळी, स्वच्छ होते. पहाटे फूल दिसतं, साप दिसतो, आणि वाघ बसला असेल तर तोही दिसतो. वाकलेली बाई वाघाला हरणासारखी दिसते, हे इकडच्या बायांना कुणी शिकवावं लागत नाही. तर ते डाग म्हणजे आमची जाळलेली जागा. गेल्या फाल्गुनातली; यंदाचं जाळणंही नुकतंच उरकलं होतं.

ग्रामसभेत मी उभी राहून म्हटलं, "येऊ द्या त्या माणसाले. सांगून टाकू का आमी पाला जाळतो. संपलं."

दीर खुर्चीतून अर्धा उठला. "वहिनी, जंगलात आग लावनं गुन्हा आहे! केस होते!"

"मंग नोको सांगू."

"नाई सांगितलं तं जंगल तोडलं म्हंतील!"

"मंग काय कराचं म्हंता?"

"मुद्दा असा आहे," तो म्हणाला आणि परत खुर्चीत टेकला. मुद्दा नव्हता.

मुद्दा नसला की आमच्याकडचे पुरुष चहा पितात. चहा पिता पिता त्यांना एक युक्ती सुचली. आमच्या गावातल्या बहुतेक पुरुषांनी कधी ना कधी झाडं लावायच्या कामावर मजुरी केलेली आहे. लावलेली रोपं उन्हाळ्यात मरतात. मग कुणी साहेब पाहायला येणार असला की मुकादम मेलेल्या रोपाच्या जागी हिरवी फांदी रोवायला लावतो. साहेब गाडीतून पाहतो, मान हलवतो, जातो. आयुष्यभर हेच पाहिलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार? तपासायची ठिकाणं कोणती, हे जंगलाच्या गार्डनं दिराच्या मोबाइलवर आधीच पाठवलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. चांगुलपणा म्हणून पाठवलं. त्यातली बरीचशी मोहाच्या उतारावरच होती.

फाल्गुनात हिरवी फांदी आणायची कुठून? सागाला पान नाही, ऐनाला नाही, मोह तर उघडाच. हिरवी असतात ती नाल्याकाठची जांभळं. गडी कुऱ्हाडी घेऊन नाल्यावर गेले. नुसत्या फांद्या छाटल्या असत्या तरी मी काही बोलले नसते. पण चढून छाटायचा कंटाळा. त्यांनी बुडातूनच तोडली. ज्या डोहात वैशाखापर्यंत पाणी राहतं आणि ज्यावर आमची गुरं जगतात, त्या डोहावरची सावली त्यांनी एका दुपारी आडवी केली. जंगल तोडलं नाही हे दाखवण्यासाठी जंगल तोडणारं गाव माझ्या माहितीत तरी आमचंच.

मी भारा बांधायला गेले तेव्हा ते दिसलं. मी म्हटलं, "काऊन गा, डोस्क्यात भुसा भरला का तुमच्या?"

एकजण हसत म्हणाला, "काकी, तुमच्याच मोहासाठी करून राह्यलो. बायांचंच काम आहे हे."

"बायांचं काम असतं तं बायांले इचारलं असतं."

"चूप राहा ना व काकी, साहेब उद्या येते."

साहेब उद्या आला नाही. जीप बिघडली, असा निरोप आला. इकडे काळ्या जमिनीत रोवलेल्या जांभळाच्या फांद्यांनी एका दिवसात माना टाकल्या. तेव्हा मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. ज्या पुरुषांनी घरासाठी कधी एक गुंड, म्हणजे हंडाभर, पाणी आणलं नाही, ते डोक्यावर गुंड घेऊन उतार चढत होते आणि तोडलेल्या फांदीला पाणी घालत होते. बाया ओळीनं बसून पाहत होत्या. एक म्हणाली, "माझ्या बाळंतपनात यानं एवढं पानी आनलं असतं तं मी याचे पाय धुतले असते."

साहेब आला तो साहेब नव्हताच. पोरगी होती. हडकुळी, टोपी घातलेली, पायात जाड बूट, हातात पाटीएवढा मोबाइल. ऊर्जानगरच्या वसाहतीत वाढली म्हणाली, वडील वीज केंद्रात होते. मला पाहून तिनं "आजी, पाणी मिळेल का?" विचारलं. पाणी दिलं. मनात म्हटलं, हिला दोन तासांत ऊन लागेल आणि ही जीपमध्ये बसून लिहील.

दीर, गार्ड, चार गडी आणि मागून आम्ही बाया, अशी वरात उतारावर गेली. पोरगी मोबाइलात पाहत पहिल्या ठिकाणी जाऊन उभी राहिली. समोर काळ्या जमिनीत जांभळाच्या फांद्या, पानं वाळून गुंडाळलेली, भोवती पाण्याचा चिखल. तिनं मोबाइल काखेत धरला. मग वाकून एक फांदी धरली. ती सहज हातात आली.

"हे काय आहे?"

"जांभूळ आहे, मॅडम," दीर म्हणाला. "नवीन लागवड."

"मुळं कुठे आहेत याला?"

"येतील ना. पानी देऊन राह्यलो आमी."

मागून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पोरगी हसली नाही. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "मी या जागी येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

गार्ड झाडाच्या शेंड्याकडे पाहायला लागला. मोहाचा शेंडा त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

ती म्हणाली, "भात शिजला का ते एक शीत दाबून पाहतात. पण कोणतं शीत उचलणार, हे भाताला आधी सांगतात का?"

दिराला शीत, भात, काहीच लागू पडत नव्हतं. तो नुसता "मुद्दा असा आहे" म्हणाला. मला कंटाळा आला. मी म्हटलं, "पोरी, आमी इथी पाला जाळतो. मोह वेचाले. त्याचे डाग आहेत हे. या शहाण्याईले केसची भीती वाटली म्हणून यायनं हे नाटक केलं. लिही काय लिहाचं ते."

"वहिनी!" दीर ओरडला.

"जाळता ते मला फोटोतच दिसलं, आजी," ती म्हणाली. "वणवा लागला तर डाग पसरतो, असे गोल गोल वेगळे पडत नाहीत. दुसऱ्या गावांतही हेच पाहून आले मी."

हे ऐकून दिराचं तोंड जे झालं, त्यासाठी मी जांभळं तोडल्याचं निम्मं माफ केलं.

मी विचारलं, "माहीत होतं तं मंग आली कायले? तिकडेच पुसून टाकाचा होता लाल रंग."

ती फांदी बाजूला ठेवून तिथंच बसली आणि मला सांगायला लागली. गार्डला ते सांगावंसं तिला वाटलं नाही, यावरून तिला थोडी अक्कल होती असं मी धरते. नकाशा माणूस काढत नाही, म्हणाली, मशीन काढते. दोन वेळचे फोटो शेजारी ठेवते आणि जिथं फरक दिसला तिथं लाल लावते. इथं एक फोटो पावसाळा सरल्यावरचा, सगळं हिरवं असतानाचा, आणि दुसरा उन्हाळ्याच्या तोंडचा. असा जोड लावायलाच नको होता, पण कुणी तरी घाई केली. म्हणून मशीन किती चुकली ते मोजायला माणूस लागतो. सगळं जंगल पायी पाहणं होत नाही. म्हणून हिरव्यातली काही ठिकाणं, लालमधली काही, शेतातली काही, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढायची आणि तिथं जाऊन पाहायचं. मशीन कुठं बरोबर, कुठं चूक. त्यावरून पूर्ण जिल्ह्याचा आकडा सुधारायचा.

"लाल तं एवढंसं आहे," मी म्हटलं. "मंग एवढी ठिकानं लालमंधीच काऊन?"

"सगळी नुसती चिठ्ठीवर सोडली तर जवळजवळ सगळी हिरव्यातच पडतील. लालची खात्री कधी होणारच नाही. म्हणून प्रत्येक रंगातून वेगळी काढतो. पण हिशोब करताना लालचं वजन लाल जागेएवढंच धरतो."

मला पटलं. गावात पंच निवडताना हा नियम लावला असता तर सगळे पंच एकाच आळीचे झाले नसते.

"आता ही ठिकाणं बाद," ती उठत म्हणाली. "तुम्ही हात लावला यांना. नवीन काढते." तिनं त्या पाटीवर बोट फिरवलं. दिरानं मान पुढे केली, "मॅडम, ते खाली रस्त्याजवळ चांगलं ठिकाण आहे, गाडी जाते."

"भाऊ, मी निवडत नाही. हे निवडतं. मी फक्त जाते."

नवीन ठिकाणांतलं एक चिल्हाटीच्या जाळीत पडलं. चिल्हाटीचा काटा कपड्यात शिरला की कपडा फाडूनच बाहेर येतो. दीर आणि गडी बाहेरच सावलीत बसले, गार्डला नेमकी तंबाखू मळायची होती. मी तिच्या मागं गेले, कारण मला पाहायचं होतं ही किती खरं बोलते ते. जाळीच्या तोंडाशी मी म्हटलं, "इथूनच लिही. चार पावलांनी काय जंगलाचं शेत होते?"

"चार पावलं इकडे सरकले की ते माझ्या सोयीचं ठिकाण झालं, आजी." आणि शिरली आत. बाही फाटली, दंडावर रक्त आलं. मी जन्मात पुष्कळ तपासायला येणारे पाहिले. पाणी तपासणारे, शाळा तपासणारे, संडास तपासणारे. सगळे जिथं खुर्ची असेल तिथून तपासतात. काट्यात शिरलेली ही पहिलीच. मूर्ख असेल, पण सरळ मूर्ख होती.

परतताना ती हात धुवायला नाल्यावर वळली आणि जांभळाची खुंटं तिला दिसली. पांढरी, ताजी, अजून ओली. मला वाटलं, झालं, आता संपलं. दिराचा चेहरा मेणासारखा झाला.

"हे त्या फांद्यांसाठी?" तिनं मला विचारलं.

"हो."

"मला विचारलंय ते शेवटच्या फोटोपर्यंतचं. हे त्यानंतरचं आहे, माझ्या हिशोबात येत नाही." दीर सुटल्यासारखा हसला, तेव्हा ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "पुढच्या फोटोत येईल, भाऊ. तेव्हा हे खरंच गेलेलं दिसेल. तेव्हा रोवायला फांद्या कुठून आणाल?"

इथवर मला सगळं आवडलं होतं. पुढचं आवडलं नाही. उतारावरून खाली येताना ती एकदम थांबली आणि विचारलं, "आजी, यात लहान मोह कुठे आहेत?"

"कसे लहान?"

"पोर झाडं. कमरेएवढी, डोक्याएवढी."

मी वळून पाहिलं. मी त्या उतारावर लग्न झाल्यापासून जाते. प्रत्येक झाडाचं खोड मला ओळखू येतं. सगळी थोराड, कवेत न मावणारी. लहान एकही नव्हतं. कधी होतं, तेही आठवेना.

"दरवर्षी जाळता," ती म्हणाली. "बी उगवतं, पुढच्या फाल्गुनात जळतं. वरून जंगल तेवढंच दिसतं, कारण वरून शेंडे दिसतात. मी लिहीन, जंगल कमी झालेलं नाही. ते खरंच आहे. पण ही झाडं म्हातारी झाली आणि पडली की मागं कुणी नाही. तेव्हाचा लाल डाग चुकीचा नसेल."

"हे लिहिशील का तू?"

"हे मला विचारलेलंच नाही."

मला तिचा राग आला. त्या रागाचं काय करावं ते कळेना, कारण ती खोटं बोलत नव्हती. सरकार विचारतं झाड आहे का. झाडाला पोर आहे का, हे विचारत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न तोच.

चैत्रात आम्ही मोह वेचला. उतार बंद करायचा निरोप काही आला नाही. वेचणी संपता संपता गार्ड दुसरा निरोप घेऊन आला. लाल डाग चुकीचे निघाले, उतार मोकळा. जिल्ह्याच्या जंगलाचा जो आकडा आला होता, त्यासोबत असंही लिहिलं होतं म्हणे, की तो एवढा एवढा कमी किंवा एवढा जास्त असू शकतो. दिराला हे फार हास्यास्पद वाटलं. "एवढे शिकले, आन नक्की सांगता येत नाई!" मला उलट वाटलं. आपण किती चुकत असू, हे कागदावर लिहून देणारं माणूस या घराण्यात तरी जन्मलं नाही.

ग्रामसभेत दीर उभा राहिला आणि बोलला की समितीच्या प्रयत्नांमुळे जंगल वाचलं. टाळ्या पडल्या. पाणी घातलेल्या फांद्यांची गोष्ट कुणी काढली नाही. पुरुषांची लाज सामूहिक असते, जंगलाच्या हक्कासारखी.

मग मी उठले आणि म्हटलं, "येत्या फाल्गुनापासून मोहाखाली जाळाचं नाई. पाला झाडून काढाचा. आन एक-एक झाडाजवळ एक-एक रोप ठेवाचं, काटे लावून."

बाया माझ्यावर तुटून पडल्या. शेजारीण म्हणाली, "बुढे, तुह्या कंबरेत जोर आहे का? काडी लावली का एका घटकेत होते. पाला झाडाले आठ दिवस जातील."

"जातील."

"आन पाल्याच्या ढिगात साप?"

"साप पहिलेबी होता."

"त्या पोरीनं तुले काय खाऊ घातलं व?"

"काई नाई. मीच पानी पाजलं तिले."

बराच वेळ कल्लोळ झाला. नियमाला हात वर करायची वेळ आली तेव्हा बायांत निम्मेही हात वर झाले नाहीत. पुरुषांनी मात्र सगळ्यांनी केले, ताबडतोब, बोलणं पूर्ण होण्याच्या आधी. जंगल वाचवायला ते एकमतानं तयार होते. झाडायचं त्यांना नव्हतं.

नियम झाला. पुढच्या फाल्गुनात मी खराटा घेऊन उतारावर गेले. पाला झाडायला काय लागतं ते मी इथं लिहून कुणाला रडवणार नाही. कंबर मोडली, हाताला फोड आले, तोंडात धूळ गेली, आणि शेजारीण पलीकडच्या झाडाखाली मला ऐकू येईल अशा शिव्या देत झाडत होती. तिच्या शिव्यांत नवीन काही नव्हतं, नाहीतर करमणूक तरी झाली असती. तेवढ्यात दीर पाहणीला आला. अध्यक्षानं पाहणी करायची असते. त्यानं कमरेवर हात ठेवून सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "छान काम करून राह्यल्या, वहिनी. मुद्दा असा आहे..."

मी खराटा त्याच्यापुढे धरला.

नेमका तेव्हाच त्याला कुणाचा तरी फोन आला. कानाला मोबाइल लावून, मोठमोठ्यानं बोलत तो उतार उतरून गेला. आमच्या त्या उतारावर फोन लागत नाही.